खोडलेल्या ओळींचं सन्मानपत्र

विट्याच्या ‘पाणवठा काव्यसमूहा’त आजवर कुणी हरलेलं नव्हतं. दर रविवारी स्पर्धेचा निकाल लागे आणि सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, प्रथम, लक्षवेधी, भावस्पर्शी, उत्तेजनार्थ असं करत करत सगळे जण कुठल्या ना कुठल्या पाटावर बसत. पदव्या संपल्या की समूहाचे संस्थापक संपतराव गुजले नवी काढत. एकदा एका बाईंना त्यांनी ‘सातत्यपूर्ण’ म्हणून गौरवलं होतं, कारण कवितेबद्दल दुसरं काही बोलायची सोयच नव्हती.

संपतरावांना सगळे आप्पा म्हणत. एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून उभी नोकरी झालेली. माइकवरून गाड्या पुकाराव्यात त्या थाटात ते कवींची नावं जाहीर करीत. सन्मानपत्रही स्वतःच बनवीत. सोनेरी काठ, वर दोन मोर, मधोमध गोलात कवीचा फोटो. फोटोशिवाय सन्मानपत्र म्हणजे त्यांच्या लेखी पाटीशिवाय गाडी.

सदस्यांना एकच नियम होता. प्रत्येकाने इतर तिघांच्या कवितेखाली अभिप्राय द्यायचा. अभिप्राय म्हणजे ‘अप्रतिम ताई’, ‘काळजाला भिडली सर’ किंवा ‘निःशब्द’. निःशब्द झालेली माणसं त्यानंतर दोन परिच्छेद लिहीत, ती गोष्ट वेगळी.

बाहेरच्यांना याचं हसू येई. पण या समूहात कोण होतं ते पाहायला हवं. विटा आणि आसपासची माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. सोनारांच्या दुकानातला केर जाळायचा, गाळायचा आणि त्यातून सोन्याचे कण वेगळे काढायचे, असा हा धंदा. पुरुष भट्टीपुढे असत. त्यांच्या बायका कोइमतूरला, गुवाहाटीला, कटकला तिसऱ्या मजल्यावरच्या घरांत दुपारभर एकट्या. शेजारणीची भाषा येत नाही, आपली कुणाला कळत नाही. अशा बायकांना, आणि काही पुरुषांनाही, मराठीत बोलण्यासाठी हा पाणवठा होता. तिथे कवितेच्या निमित्ताने कुणीतरी ‘वा’ म्हणायचं. त्या ‘वा’वर आठवडा निघायचा.

मग कविता लिहून देणारी यंत्रं घरोघरी आली. मिक्सरसुद्धा चटणी किती बारीक हवी ते विचारू लागले होते, तिथे कवितेचं काय! ‘आई’ या विषयावर दोन वेगळ्या गावांतल्या दोन बायकांनी जवळपास एकच कविता पाठवली आणि दोघींनाही ‘सर्वोत्कृष्ट’ मिळालं, तेव्हा मोठा गदारोळ झाला. कोण खरं लिहितं आणि कोण मागवून घेतं, याच्या चर्चा कवितांपेक्षा लांब होऊ लागल्या. लोक एकमेकांना ‘अप्रतिम’ म्हणायला बिचकू लागले.

यावर आप्पांनी उपाय आणला. त्याचं नाव ‘साक्षी’.

साक्षी म्हणजे फोनमध्ये बसवायचा एक कळफलक. त्यामागचं शास्त्र साधं होतं. माणूस जागेवर रचत लिहितो तेव्हा त्याची बोटं अडखळतात. एखाद्या शब्दापाशी थांबतात, मागे येतात, अर्धा शब्द पुसतात, पुन्हा तोच लिहितात. या थांब्यांत पुष्कळसे लहान असतात आणि मधूनच एखादा अचाट लांब. तो लांब थांबा बहुतेक वेळा अर्थाच्या वळणावर येतो. कुठूनतरी उतरवून काढताना असं होत नाही. डोळा चार शब्द उचलतो, बोटं ते टाकतात, पुन्हा चार शब्द. थांबे ठरावीक अंतराने येतात आणि अर्थाशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. काही संशोधकांनी हजारो लोकांच्या बोटांच्या नोंदी तपासून हा फरक गणितात बसवला होता.

कोणती कळ केव्हा दाबली, काय लिहिलं, काय पुसलं, याची नोंद साक्षी ठेवी. या नोंदीला घडणपट म्हणत. कविता पाठवली की तिचा घडणपट परीक्षकाकडे जाई आणि यंत्र त्यावर खूण करी. हिरवी म्हणजे जागेवर रचलेली, लाल म्हणजे उतरवलेली. संशोधकांनी खाली बारीक अक्षरांत एक इशारा दिला होता. कुणी मनातच पुरी कविता जुळवली आणि मग एका दमात टाकली, तर यंत्राला ती उतरवलेलीच वाटेल. यंत्राला बोटं दिसतात, डोकं दिसत नाही. पण बारीक अक्षरं वाचतो कोण? सदस्यांनी ‘संमती आहे’ या चौकोनावर बोट ठेवलं आणि कामाला लागले.

परीक्षक होती अरुंधती तारळेकर. विट्यात तिचं औषधाचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की काउंटरवरच कविता वाचायची. दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल तिला भारी कुतूहल. कुणाच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय यावरून तिला गावातल्या निम्म्या लोकांची दुखणी ठाऊक होती, आणि त्यातलं एकही कधी तिच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. ते तिला धंद्याचं पहिलं कर्तव्य वाटे.

“तुम्ही फकस्त खूण बघायची, मॅडम,” आप्पांनी बजावलं होतं. “हिरवी आली की शिक्का मारायचा. शंका वाटली तरच पट उघडायचा.”

पहिल्यांदा तिने शंका आली म्हणून उघडला. गुवाहाटीच्या एका गृहस्थांची ‘बाप’ या विषयावरची कविता होती. ‘बाप म्हणजे आभाळ, बाप म्हणजे सागर,’ अशी सुरुवात. इतकी गुळगुळीत, की हिरवी खूण असूनही तिला खरी वाटेना. पट उघडताच कविता पडद्यावर पुन्हा पहिल्यापासून लिहिली जाऊ लागली. आधी आली एक भलतीच ओळ:

बापाने मला एकदाच उचलून घेतलं,
तेही ट्रकमध्ये चढवायला.

मग बराच वेळ काही नाही. मग एकेक अक्षर मागे जात ती ओळ पुसली गेली आणि तिच्या जागी आभाळ आणि सागर आले.

अरुंधती तशीच बसून राहिली. समोर खोकल्याचं औषध मागणारा माणूस उभा होता, त्याला तिने दोनदा ‘काय हवं?’ विचारलं. कोवळ्या वयात धंद्यावर धाडलेला पोरगा, ट्रकची उंच फळी आणि बापाचे हात, सगळं तिला दिसलं होतं. आणि हे त्या माणसाने स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

त्यानंतर ती प्रत्येक पट उघडू लागली. शंका असो वा नसो. तिला एक चमत्कारिक गोष्ट कळत गेली. पाणवठ्यावरच्या बहुतेकांची सगळ्यात चांगली ओळ ही त्यांनी खोडलेली ओळ होती. माणसं आधी खरं लिहीत, मग थबकत, समूहातले सगळे काय म्हणतील ते मनाशी बघत आणि मग चार गोड शब्द आणून त्यावर झाकण घालीत. वाईट कवी म्हणून ज्यांना ती इतके दिवस मनातल्या मनात हसत होती ते वाईट नव्हतेच. सगळे मिळून ‘अप्रतिम’ म्हणून म्हणून त्यांना तसं केलं होतं, आणि त्या सगळ्यांत ती स्वतःही होती.

एके दिवशी विषय आला ‘माझं घर’, आणि जयमालाची कविता आली.

जयमाला म्हणजे तिची वहिनी, कोइमतूरच्या उदयदादाची बायको. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा अरुंधती कॉलेजात होती. दोघी नणंद-भावजय कमी आणि मैत्रिणी जास्त. समूहात वहिनीला तिनेच आणलं होतं. तिच्या कविता सगळ्यांना आवडत. ही पण सगळ्यांना आवडेल अशीच होती:

माझं घर म्हणजे मायेची सावली,
सुखाच्या अंगणी तुळस हासली.

दादाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. अंगण नव्हतं, तुळस लावायला गॅलरीसुद्धा नव्हती. अरुंधतीने पट उघडला.

दुपारी मी फ्रीजशी मराठी बोलते.
तो मधूनच गुरगुरतो, हो म्हणाल्यासारखा.
या घरात तेवढंच मला उत्तर मिळतं.

यापुढे पडदा स्थिर होता. इतका वेळ, की पट बंद पडला की काय असं तिला वाटलं. मग ओळी उलट्या पावली पुसल्या गेल्या आणि तुळस आली.

अरुंधतीला रडू आलं. दर आठवड्याला फोनवर ‘मजेत गं’ म्हणणारी वहिनी! पण रडण्याच्या जोडीला दुसरंही काही होतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तिला आनंद झाला होता. इतकी वर्षं जिला ती भावस्पर्शी, लक्षवेधी म्हणून पाटावर बसवत होती, तिच्या हातात खरी कविता होती. हे जगाला कळायला नको?

त्याच संध्याकाळी आप्पा बीपीच्या गोळ्या घ्यायला आले.

“आप्पा, कवितेऐवजी खोडलेल्या ओळींना सन्मान देता येईल का?”

“खोडलेल्या?” आप्पांनी चष्मा वर केला. “खोडल्यावर ऱ्हातंय काय मग?”

तिने त्यांना तीन ओळी दाखवल्या. आप्पांनी त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या. “आमची थोरली लेक कटकला हाय,” एवढंच ते म्हणाले. मग म्हणाले, “देऊया. अशा ओळी दिसल्या म्हंजे बाकीच्यांना पण धीर यील.”

“नाव नाही घालायचं. ‘एका सदस्येच्या ओळी’ एवढंच.”

“न्हाई घालत की. शब्द दिला.”

आप्पांनी शब्द पाळला. रविवारी सन्मानपत्र आलं. सोनेरी काठ, दोन मोर, ‘खोडलेल्या ओळींचा विशेष सन्मान’, खाली तीन ओळी. नाव कुठेही नव्हतं. मधोमध गोलात जयमालाचा हसरा फोटो होता.

अरुंधतीने हातातलं गिऱ्हाईक सोडून फोन लावला. “आप्पा, हे काय केलंत?”

“नाव कुठं घातलंय?”

“अहो, फोटो!”

“आता फोटोशिवाय सन्मानपत्र कसं दिसतंय, सांगा की! मोकळा गोल भकास दिसाय लागला,” आप्पा कळवळून म्हणाले. मग त्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला आणि पलीकडून नुसतं “अरारारा” ऐकू आलं.

त्यांनी ते काढून टाकलं, पण तोवर सन्मानपत्र जयमालाच्या माहेरच्या ग्रुपवर गेलं होतं, सासरच्या ग्रुपवर आलं होतं, आणि गलाई व्यावसायिकांच्या संघटनेच्या ग्रुपवर कुणीतरी खाली ‘निःशब्द’ लिहिलं होतं.

दादाचा फोन आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. “अरू, हिला इथं काय कमी आहे गं? तू सांग की मला. मी दिवसभर राबतो ते कुणासाठी?” दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेला आणि दोन दारांचा मोठा फ्रीज घेऊन आला. बिचाऱ्याने कविता वाचून त्याला जे समजलं ते केलं होतं.

वहिनी मात्र फोन उचलेना. कितीतरी दिवसांनी उचलला.

“चुकलंच माझं,” अरुंधती म्हणाली. “पण वहिनी, ओळी फार चांगल्या होत्या गं.”

“माहीत आहे मला. चांगल्या होत्या म्हणूनच पुसल्या होत्या.” वहिनीचा आवाज शांत होता, त्यामुळे जास्त लागला. “तुझा दादा वाईट माणूस नाही अरू. भट्टीपुढून येतो तेव्हा बोलायचं त्राण नसतं त्याला. त्या ओळी त्यानं वाचल्या तर त्याला काय वाटेल, एवढा विचार करत बसले होते मी. तुला पटात तो वेळ दिसला असेल की. नुसता पडदा थांबलेला दिसला ना? मी तेव्हा तुझ्या भावाचा विचार करत होते.”

अरुंधतीने काउंटरवरची एक चिठ्ठी उगाच उलटी करून ठेवली.

“तू घरात येऊन माझं कपाट उघडलं असतंस तरी मी काही म्हटलं नसतं. पण मी केरात टाकलेलं तू उचकटलंस.” मग वहिनी म्हणाली, “आता फ्रीज मोठा आहे. त्याला दोन दारं. बोलायला जागा झाली भरपूर.” यावर नेहमीची वहिनी हसली असती. ही हसली नाही.

फोन ठेवल्यावर अरुंधतीच्या लक्षात आलं की आपण औषधांच्या चिठ्ठ्या जिवापाड जपल्या आणि हे मात्र चव्हाट्यावर मांडलं. चिठ्ठीवरचं दुखणं तेवढं खासगी, आणि कवितेतलं सगळ्यांच्या मालकीचं, असं तिने कधी ठरवलं होतं?

आणि गंमत अशी, की समूह बहरला! लोकांनी आपणहून घडणपट खुले केले. आप्पांनी ‘खोडओळ’ नावाचा उपक्रमच काढला. गुवाहाटीच्या गृहस्थांनी ट्रकची ओळ कवितेत परत घातली, आणि त्यांच्या थोरल्या भावाने, जो कधी समूहात बोलत नसे, खाली लिहिलं, “मलापण असंच चढवलं होतं.” इतका खरा अभिप्राय पाणवठ्यावर त्याआधी कुणी दिला नव्हता. अरुंधती तो पुन्हा पुन्हा वाची. आपण केलं ते वाईट, आणि त्यातून आलेलं हे चांगलं, यांचा हिशेब कसा लावायचा ते तिला उमगत नव्हतं.

पण माणूस कुठेही गेला तरी टाळ्या शोधतोच. खोडलेल्या ओळींना सन्मान मिळतो म्हटल्यावर लोक खोडण्यासाठी ओळी लिहू लागले. एक बाई आधी झकास ओळ लिहीत, जरा वेळ फोन बाजूला ठेवीत, मग ती सावकाश पुसून साधी ओळ घालीत. एक प्राध्यापक तर अशा आर्त ओळी खोडू लागले की अर्धा समूह त्यांच्या काळजीत पडला; प्रत्यक्षात त्यांचं उत्तम चाललं होतं. शेवटी ‘खोडलेली ओळही स्वरचित असावी’ असा नियम करावा लागला. साक्षी या सगळ्यांना हिरवी खूण देत राहिला. बोटं खरोखर अडखळत होती, आता सरावाने.

जयमाला मात्र गप्प होती. विषय येत, जात. तिच्या नावापुढे काही नसे. अरुंधतीला ठाऊक होतं, वहिनीच्या दिवसात मराठी एवढ्या एका ठिकाणी होती, आणि आपण तिला तिथून उठवलं.

मग ‘वाट’ या विषयाला तिची कविता आली. अरुंधतीने अधीरपणे उघडली. वर लाल खूण होती.

घडणपटात एकही खोड नव्हती. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारख्या वेगाने, मध्ये मुळीच न रेंगाळता, सपाट कापडावर इस्त्री फिरावी तशी कविता उतरली होती. कविता परीक्षकाच्या शिक्क्याशिवाय समूहावर दिसत नसे, पण लाल खूण आल्याची सूचना व्यवस्थापकांना जाई, आणि व्यवस्थापकांकडून ती इतरांना कळायला वेळ लागत नसे. ‘विशेष सन्मान मिळालेल्या ताईच आता यंत्राकडून घेतात म्हणे,’ असं सुरू झालं. नियमाप्रमाणे तिला खुलासा करायचा होता. खुलासा पटला नाही तर नाव कमी.

आप्पा दुकानात आले ते पडलेल्या चेहऱ्याने. “आता काय करायचं ओ मॅडम? मलाच कसं तर वाटाय लागलंय. पण नियम सगळ्यांना एकच पाहिजे. न्हाईतर म्हणतील, नणंद परीक्षक म्हणून सोडली.”

“परीक्षकाची हमी असा एक रकाना आहे ना?”

“हाय. पण त्याला पुरावा बघावा लागतोय. तुमी तिला विचारा, कशी लिवली, कुणापुढं लिवली. न्हाईतर समोर बसून एक लिवून दाखवू दे. मग द्या हमी. आन् उद्या खोटं निघालं तर तुमचं नाव बी जाईल, ध्यानात असू द्या.”

आप्पा गेल्यावर अरुंधतीने विचार केला. शक्यता दोनच होत्या. एक, वहिनीने सगळी कविता मनात जुळवली, मनातच खोडाखोड केली, आणि यंत्राला बघायला काही उरणार नाही अशी आखीव करून एका दमात टाकली. तसं असेल तर तिला हे शिकवलं अरुंधतीनेच. दोन, वहिनी दुखावली होती, लिहावंसं वाटत नव्हतं, समूह सोडवत नव्हता, म्हणून तिने खरंच यंत्राकडून कविता घेतली. तेही अशक्य नव्हतं. दोन्हींत घडणपट सारखाच दिसणार. कोणतं खरं ते सांगू शकणारी एकच व्यक्ती होती आणि तिला विचारणं अगदी सोपं होतं. कुतूहलाने अरुंधतीचा जीव नुसता वरखाली होत होता.

तिने हमीचा रकाना उघडला. ‘पुरावा’ या जागी लिहिलं: पुरावा मागितलेला नाही. खाली आपलं नाव घातलं. मग फोन लावला.

“लाल खूण आलीय वहिनी तुझ्या कवितेवर.”

“कळलं. आप्पांचा निरोप आला, खुलासा करा म्हणून.” वहिनीच्या आवाजात थकवा होता. “सांगू का सगळं? कशी लिहिली, कुठं उभी होते तेव्हा, आधी काय होतं, मग काय बदललं. तुला ऐकायचं असेल ना.”

“नको सांगूस.”

“का?”

“मी हमी दिली.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. “न विचारता?”

“न विचारता.”

“आणि मी यंत्राकडून घेतली असली तर?”

“तर माझं नाव जाईल. आणि मला तुझा भयंकर राग येईल. पण ते तू आपणहून सांगशील तेव्हा.” अरुंधतीने घडणपट बंद केला. “वहिनी, एकदा मी न विचारता बघितलं. आता बघायचं नाही मला. तू जेवढं देशील तेवढंच वाचणार.”

मग वहिनीने हळूच विचारलं, “वाचलीस का पण?”

“वाचली.” कविता तिच्या समोरच उघडी होती:

गल्लीच्या तोंडाशी फुलवाली बसते.
तिला माझं नाव येत नाही, मला तिचं.
दोघींच्या मनी स्नेहाचा झरा वाहतो.
ती गजरा मोजते कोपरापासून बोटापर्यंत,
मी तिच्या भाषेत एक, दोन, तीन शिकते.

“मग?” वहिनी म्हणाली.

‘अप्रतिम’ हा शब्द अरुंधतीच्या जिभेवर तयार होता. इतक्या दिवसांनी वहिनी बोलत होती. आता एक वाकडा शब्द गेला तर पुन्हा फोन उचलणार नाही, अशी भीती तिला वाटली. पण जे दिलंय तेवढंच वाचायचं म्हटल्यावर ते नीट वाचायला नको?

“तिसरी ओळ कच्ची आहे,” ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले.

“काय?”

“तिसरी ओळ. कच्ची आहे.”

“कच्ची म्हणजे काय गं?” वहिनीचा आवाज एकदम चढला. पाणवठ्यावर असं कधी कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. “स्नेहाचा झरा आहे तो. काय वाईट आहे झऱ्यात?”

“पहिल्या दोन ओळींत कळलं की सगळं! नाव येत नाही म्हणतेस आणि तरी रोज तिच्यापाशी थांबतेस. मग ते पुन्हा सांगायला झरा कशाला आणलास मध्ये?”

“सगळ्यांना आवडतो झरा.”

“तुला आवडतो?”

“मला… तो नसला तर मधेच तुटल्यासारखं होतं. नावावरून एकदम गजऱ्यावर उडी कशी मारायची?”

“मारून तर बघ.”

वहिनीने झरा वगळून कविता मोठ्याने म्हटली. मग थांबली. मग पुन्हा म्हटली, या वेळी जरा सावकाश, ‘तिला माझं नाव येत नाही, मला तिचं’ याच्यानंतर एक श्वास घेऊन. त्या श्वासात फुलवालीने हात पुढे केल्यासारखं अरुंधतीला वाटलं. दोघी भांडू लागल्या. ‘शिकते’ हवं की ‘मोजते’, ‘तोंडाशी’ की ‘टोकाला’. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं आली आणि ताटकळून निघून गेली. घराबद्दल, दादाबद्दल, फ्रीजबद्दल एक शब्द निघाला नाही. शेवटी वहिनी म्हणाली, “बरं बाई. काढते झरा.”

“काढ.”

“इतकी वर्षं लिहितेय, पण आज पहिल्यांदा कुणीतरी मी लिहिलेलं वाचलं,” वहिनी म्हणाली. मग नाक ओढून ती हसली, पूर्वीसारखी, खळखळून. “आणि काय गं अरू, ही खोडलेली ओळ मात्र खुशाल दाखव सगळ्यांना.”